मुक्काम नारा

रजेचे दिवस मोजके असले म्हणजे प्रवासाला निघण्यापूर्वीच माणसाला एका दिवाणी स्वरूपाच्या प्रश्नाचा निकाल द्यावा लागतो, आणि तो प्रश्न म्हणजे हाती असलेल्या वेळेची वाटणी. दोन भावांमध्ये वडिलार्जित जमीन वाटून देताना शहाणा पंच नुसत्या क्षेत्रफळावर विसंबत नाही; कोणत्या तुकड्याला विहिरीचे पाणी आहे, कोठे काळी माती आहे आणि कोठे नुसताच माळ आहे, हे तो बांधावरून स्वतः चालून पाहतो. दोन शहरांमध्ये दिवस वाटतानाही त्यांचा विस्तार, तेथील प्रेक्षणीय स्थळांची गणती आणि त्यांची जगातली कीर्ती एवढेच जमेस धरून भागत नाही. जपानमधील क्योटो आणि नारा या दोन प्राचीन राजधान्यांच्या बाबतीत मात्र ही वाटणी बहुतेक सर्व प्रवासी एकाच ठरीव रीतीने करतात, आणि ती रीत नारावर, आणि त्याहून अधिक त्या प्रवाशांवरच, अन्याय करणारी आहे, असे माझे मत झाले आहे.

क्योटोहून नारा जेमतेम चाळीस किलोमीटर. खाजगी रेल्वेची जलद गाडी हे अंतर ३५ मिनिटांच्या आसपास तोडते. एके काळी सरकारी असलेल्या आणि आता कंपन्यांच्या हाती गेलेल्या दुसऱ्या मार्गावरच्या गाडीला पाऊण तास लागतो. अंतर इतके थोडे असल्यामुळेच नाराचे नुकसान झाले आहे. ते दूर असते तर लोकांनी तेथे बिछाना टाकण्याची तजवीज केली असती. जवळ असल्यामुळे ते क्योटोच्या कार्यक्रमाला जोडलेले परिशिष्ट होऊन बसले. ओसाकात नोकरीनिमित्त राहणारी माझी भाची मोठ्या मायेने माझ्या प्रवासाचा आराखडा करून बसली होती. ती म्हणाली, “मामा, नाराला मुक्काम कशाला? सकाळी जायचं, मोठा बुद्ध बघायचा, हरणांना खाऊ घालायचा आणि उन्हं कलायच्या आत क्योटोला परत. सगळे तसंच करतात.” मी म्हटले, “हिशेब तुझा बरोबर आहे गं, पण मला तिथली संध्याकाळ हवी आहे.” तिने तो आराखडा मुकाट्याने बदलला आणि नारामध्ये एका जुन्या घरात माझी राहण्याची सोय करून दिली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

भाचीच्या हिशेबामागे इतिहासाचे पाठबळ आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. इ.स. ७१० साली राजधानी नारा येथे आली आणि ७८४ साली तेथून उठली. मधली दहा वर्षे नागाओका येथे अर्धवट वसून ७९४ मध्ये सम्राट कम्मुने ती आजच्या क्योटोच्या भूमीवर नेली, आणि १८६८च्या सत्तांतरानंतर सम्राटाने तोक्योची वाट धरीपर्यंत राजपद तेथेच नांदले. म्हणजे एका पारड्यात ७४ वर्षे आणि दुसऱ्या पारड्यात हजाराहून अधिक. जागतिक वारशाच्या यादीत १९९४ साली क्योटोच्या नावावर १७ स्थळांची नोंद झाली. १९९८ साली नाराच्या नावावर आठांची. या आकड्यांच्या प्रमाणात दिवस वाटायचे ठरवले, तर नाराला अर्धा दिवस देणे हे औदार्यच म्हणावे लागेल. परंतु काळाचे महत्त्व त्याच्या लांबीवर मोजता येत नाही. नाराची ती ७४ वर्षे म्हणजे जपानने आपले दार सताड उघडे ठेवले होते तो काळ. चीनच्या थांग दरबाराकडे राजदूतांची जहाजे जात होती, परतताना भिक्षू, वैद्य, वादक, ग्रंथ आणि औषधे घेऊन येत होती, आणि पश्चिम व मध्य आशियातून, इराणातून, भारतातून निघालेल्या कल्पना व कलावस्तू आपला शेवटचा मुक्काम याच नगरीत करीत होत्या. पुढे ८९४ साली ती शिष्टमंडळे स्थगित झाली. त्यानंतर क्योटोच्या दरबाराने जे मिळाले होते ते चाळले, मुरवले, आपल्या रुचीप्रमाणे घडवले. क्योटो पाहणे म्हणजे ही घडण पाहणे. नारा पाहणे म्हणजे ते येणे पाहणे. भारतीय माणसाला या दुसऱ्या गोष्टीचे अगत्य अधिक वाटले, तर त्यात नवल नाही.

क्योटोचे ऋण मी कमी लेखीत नाही. तोजी या मंदिराच्या प्रवचनगृहात शिरल्यावर डोळ्यांना त्या मंद प्रकाशाची सवय होण्यास काही क्षण जावे लागतात, आणि मग कूकाई या आचार्याने योजिलेले एकवीस मूर्तींचे मंडल अंधारातून एकेक करून वर येऊ लागते. ८३९ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. पुढे १४८६ साली इमारत जळून नवी बांधावी लागली, पण बहुतेक मूर्ती नवव्या शतकातल्याच आहेत. मंडलाच्या एका टोकाला चार हंसांनी तोललेल्या कमळावर चतुर्मुख ब्रह्मदेव बसला आहे, आणि दुसऱ्या टोकाला हातात वज्र घेतलेला इंद्र ऐरावतावर एक पाय खाली सोडून स्वस्थ विसावला आहे. आपल्याकडे ज्या ब्रह्मदेवाची देवळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, तो येथे अकराशे वर्षांहून अधिक काळ पूजेत आहे, ही जाणीव मनाला भारून टाकते. सांजूसांगेंदो या लांबलचक वास्तूत सहस्रभुज अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती सुमारे १२० मीटर लांबीच्या दालनात ओळीने मांडलेल्या आहेत. त्यांच्यापुढे जे अठ्ठावीस परिचारक देव आहेत, त्यांत पंख पसरून बासरी वाजवणारा गरुड आहे आणि हाडांचा सापळा दिसेल इतका कृश झालेला एक वृद्ध तपस्वी आहे. जुलै महिन्यात गिओनच्या उत्सवात जे उंच रथ रस्त्यांतून ओढले जातात, त्यांच्या अंगावर बेल्जियमचे चित्रविणीचे पडदे आणि डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून गेलेले भारतीय गालिचे झळकतात, आणि त्या गालिच्यांतील काही दख्खनच्या कारागिरांचे असल्याचे अभ्यासकांनी ओळखले आहे. एवढे सगळे एका शहरात असताना तेथून दिवस काढून घ्यायला मन सहजी तयार होत नाही.

तरीही ते काढून घ्यावेत, असे मी म्हणतो. त्याला कारण आहे. क्योटो हे अंशाने पाहता येते. हजार वर्षांच्या वस्तीने तेथे इतके थर साचले आहेत की सहा महिने राहिले तरी ते संपत नाही, आणि जे संपणारच नाही त्याच्यातले दोन दिवस वजा झाल्याने त्याचे रूप बिघडत नाही. तोजी, सांजूसांगेंदो, कियोमिझु मंदिराचा सज्जा, एखादे वालुकामय उद्यान, कामो नदीचा काठ, एवढे निवांत पाहिलेल्या माणसाला क्योटो भेटले. बाकीच्या सोळाशे देवळांचा हिशेब त्याने मागू नये. शिवाय क्योटो हे जिवंत आणि गजबजलेले शहर आहे. तेथे दुपारही शहराची असते आणि रात्रही. नाराची गोष्ट निराळी. नारा दिवसाच्या ज्या प्रहरी प्रवाशांना दाखवले जाते, त्या प्रहरी ते जवळजवळ दिसतच नाही.

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास क्योटो आणि ओसाका या दोन्ही बाजूंनी गाड्या आणि बस भरभरून येऊ लागतात. तोदाइजी या महाबुद्धाच्या मंदिराच्या महाद्वारापाशी हरणे, मुले, छत्र्या आणि छायाचित्रे यांचा असा मेळ जमतो की त्या द्वारात दोन्ही बाजूंना उभे असलेले द्वारपाल मान वर करून पाहण्यास कोणाला उसंत मिळत नाही. उन्केई, काइकेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२०३ साली हे आठ मीटरांहून उंच काष्ठपुरुष अवघ्या ६९ दिवसांत घडवले. त्यांच्या मांडीच्या ताणलेल्या शिरा, उघडलेला जबडा, वाऱ्याने मागे फेकलेले वस्त्र हे सर्व पाहायला पाच मिनिटे एका जागी स्थिर उभे राहावे लागते. दुपारी चार-साडेचारनंतर हा सारा समुदाय आल्या वाटेने परततो. आणि मग, ज्याची रात्रीची सोय याच गावात आहे, त्याच्या हाती एक वेगळेच नगर येते.

अशा वेळी निगात्सुदो या देवळाकडे जावे. महाबुद्धाच्या मंदिरामागून एक दगडी वाट मातीच्या जुन्या भिंतींमधून हळूहळू वर चढत जाते आणि टेकडीच्या उतारावर पुढे काढलेल्या एका लाकडी सज्जात आपल्याला नेऊन सोडते. या सज्जाला कुलूप नाही. दिवसरात्र कोणीही यावे आणि बसावे. समोर पश्चिमेला महाबुद्धाच्या मंदिराचे प्रचंड छप्पर, त्याच्या कण्याच्या दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा दिलेली शिखराभरणे, त्याच्या पलीकडे शहराची बसकी घरे आणि त्यांच्याही पलीकडे इकोमाचे डोंगर. सूर्य त्या डोंगरांमागे जातो. डोक्यावरचे टांगलेले दिवे लागतात. गावातली एखादी वृद्धा पायऱ्या चढून येते, देवापुढे हात जोडते, कठड्यापाशी थोडी टेकते आणि निघून जाते. तिच्या दृष्टीने हे पर्यटन नव्हे, नित्यनेम आहे. येथे दर वर्षी मार्चच्या १ ते १४ तारखांना भिक्षू जे प्रायश्चित्तव्रत आचरतात, सज्जावरून पेटत्या चुडी धावत नेल्या जातात आणि एका रात्री विहिरीतून देवासाठी जल उपसतात, ते व्रत ७५२ सालापासून एकाही वर्षी खंडित झालेले नाही. मंदिरे जळाली, सत्ता बदलल्या, महायुद्ध झाले. व्रत चालू राहिले. अशा अखंडतेचा अर्थ बसच्या वेळापत्रकाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला कळणे कठीण आहे.

आणि सकाळ. एप्रिल ते ऑक्टोबर या महिन्यांत महाबुद्धाचे मंदिर साडेसात वाजता उघडते. क्योटोहून पहिल्या गाडीने निघालेला माणूस धावतपळत त्या वेळी पोहोचू शकेलही. पण नारात झोपलेला माणूस दव पडलेल्या गवतातून, अजून बसूनच असलेल्या हरणांच्या कळपांमधून चालत जातो, आणि पटांगणात त्याच्या आधी आलेला झाडूवाला तेवढा असतो. मंदिरासमोर मधोमध आठ बाजूंचा एक कांस्यदीप उभा आहे. पुरुषभर उंचीच्या अडीचपट असेल. लोक त्याला वळसा घालून आत जातात, कारण आत मोठा बुद्ध आहे. वस्तुतः हा दीप आठव्या शतकातला, मूळचा, आणि महाबुद्धाच्या आजच्या मस्तकाहून सुमारे साडेनऊशे वर्षांनी जुना आहे. त्याच्या जाळीदार पटांवर वाद्ये वाजवणारे बोधिसत्त्व कोरले आहेत. एकाच्या ओठांशी आडवी बासरी आहे, एकाच्या हातांत झांज आहे. गालांना आलेला भरीवपणा, खांद्यांवरून सुटून वाऱ्यावर वळलेले उत्तरीय, कमळावर अलगद टेकलेली पावले हे सगळे सकाळच्या तिरप्या उन्हात इतके स्पष्ट दिसते की धातूत कोरलेला श्वास आपल्याला ऐकू येईल असे वाटावे. साडेदहा वाजता हेच ऊन वर चढलेले असते आणि त्या पटांवरची सावली पुसून गेलेली असते.

आतला बुद्ध सुमारे पंधरा मीटर उंचीचा आहे. सम्राट शोमूने ७४३ साली त्याच्या निर्मितीचे फर्मान काढले, तेव्हा देश देवीच्या भयंकर साथीतून नुकताच सावरत होता. ७३५ ते ७३७ या वर्षांत त्या रोगाने दरबारातले कर्ते पुरुषही नेले होते. या कामात ज्याला काडी किंवा मूठभर माती एवढेच देणे शक्य असेल त्याचेही दान स्वीकारावे, असा त्या फर्मानाचा आशय होता, आणि अधिकाऱ्यांनी या निमित्ताने रयतेवर जुलूम करू नये, असेही त्यात बजावले होते. मूर्ती आठ टप्प्यांत ओतली गेली. ७५२ साली नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला. आणि त्या सोहळ्यात मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळे रेखण्यासाठी ज्याने कुंचला हातात धरला, तो पुरुष भारतीय होता.

त्याचे नाव बोधिसेन. जपानी नोंदी त्याला दक्षिण भारतातील ब्राह्मण कुळात जन्मलेला म्हणतात. तो चीनमध्ये आला, तेथे जपानी राजदूतांनी त्याला आपल्या देशी येण्याची विनंती केली, आणि ७३६ साली चंपा देशाचा एक भिक्षू व दाओशुआन हा चिनी आचार्य यांच्यासह तो समुद्र ओलांडून आला. नानिवा बंदरात, म्हणजे आजच्या ओसाकात, ग्योकी या लोकप्रिय भिक्षूने त्याचे स्वागत केले. पुढे सोळा वर्षांनी, तोवर निवृत्त झालेला सम्राट शोमू आजारी असल्यामुळे, त्याच्या ठिकाणी हा परदेशी, पन्नाशीही न गाठलेला संन्यासी त्या उंच मचाणावर चढला. त्याच्या हातातल्या कुंचल्याला एक लांब निळी रेशमी दोरी बांधली होती आणि खाली जमलेल्या समुदायाने ती धरली होती, म्हणजे डोळे उघडण्याच्या त्या पुण्यात सर्वांचाच हात लागावा. तो कुंचला आणि ती सुमारे २०० मीटर लांबीची दोरी आजही शोसोइन या राजकोठारात सुखरूप आहेत. ११८० साली यादवीत तोदाइजी जळाल्यावर मूर्तीची डागडुजी झाली, तेव्हा ११८५ मध्ये निवृत्त सम्राट गो-शिराकावाने तोच कुंचला मागवून पुन्हा एकदा डोळे रेखले. बोधिसेन मायदेशी परतला नाही. ७६० साली नारातच त्याचा देह पडला, आणि शहराच्या पश्चिमेस र्योसेन्जी या मंदिराच्या परिसरात त्याची समाधी दाखवली जाते.

तो ज्या दाइआन्जी विहारात राहत असे, तो शहराच्या दक्षिणेला आहे. एके काळी तेथे सात मजल्यांचे दोन मनोरे होते. आज एक लहान मंदिर, शेजारची घरे, आणि गवतात उरलेले मनोऱ्यांच्या जोत्याचे दगड. अर्ध्या दिवसाच्या आराखड्यात दाइआन्जीला जागा असणे शक्यच नाही, आणि आराखडा करणाऱ्याला त्याचा दोषही देता येणार नाही, कारण पाहण्यासारखे तेथे फारसे नाही. पण आपल्या देशातून निघालेला एक माणूस चोवीस वर्षे परक्या भाषेत, परक्या हिवाळ्यात ज्या जागी राहिला, त्या जागी तासभर उभे राहण्याची इच्छा मला आवरता आली नाही, आणि ती आवरावी असेही वाटले नाही.

नारातल्याच कोफुकुजी मंदिराच्या संग्रहालयात असुराची मूर्ती आहे. तिच्याविषयी थोडे लिहिलेच पाहिजे. ७३४ साली घडवलेली ही मूर्ती दीड मीटरभर उंच, तीन मुखांची, सहा हातांची. असुर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दैत्य उभा राहतो. येथे उभा आहे तो मिसरूडही न फुटलेला मुलगा. हात बारीक, लांब. पुढचे दोन जोडलेले. समोरच्या चेहऱ्यावर भुवया किंचित आक्रसलेल्या आहेत, जणू आपण केलेल्या युद्धांचा त्याला प्रथमच पश्चात्ताप होत आहे. बाजूच्या एका चेहऱ्याने खालचा ओठ दातांत घट्ट धरला आहे. मातीच्या साच्यावर तागाच्या कापडाचे थर लाखेच्या रसाने चिकटवायचे आणि ते वाळल्यावर आतली माती काढून घ्यायची, अशा पद्धतीने ती बनली आहे, त्यामुळे आतून पोकळ आणि वजनाला अगदी हलकी. कोफुकुजीला अनेकदा आग लागली. अशा हलक्या मूर्ती उचलून बाहेर नेता येत होत्या, म्हणून हा मुलगा वाचला. जगातल्या फार थोड्या मूर्तींसमोर मी इतका वेळ उभा राहिलो असेन.

आता होर्यूजी. नारा स्थानकातून दहा-बारा मिनिटांच्या आगगाडीच्या प्रवासावर इकारुगा येथे हे मंदिर आहे, आणि त्याच्या इमारती जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती होत. मूळ स्थापना ६०७ची. ६७०च्या आगीनंतर पुन्हा बांधलेले सुवर्णगृह आणि पाच मजली मनोरा आजही उभे आहेत. महाराष्ट्रातल्या माणसाला येथे यायला आणखी एक कारण आहे. या सुवर्णगृहाच्या भिंतींवर इ.स. ७००च्या सुमारास जी चित्रे काढली गेली, त्यांतील बोधिसत्त्वाचे नाते अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीशी आहे, हे कलेच्या अभ्यासकांनी फार पूर्वीच ओळखले होते. तोच मुकुट, तीच कमरेतली हलकी लवण, तीच अर्धोन्मीलित दृष्टी. फक्त अजिंठ्याची उष्ण, भरीव काया येथे येईपर्यंत अधिक निमुळती आणि अधिक संयत झालेली. वाघूर नदीच्या घळीत उमटलेले रूप मध्य आशियाच्या वाळवंटांतून आणि चीनच्या लेण्यांतून इतक्या दूर कसे पोहोचले असेल, याचा विचार करताना मन दिपून जाते.

या दोन भित्तिचित्रांच्या आयुष्यात एक माणूस समान आहे. अराई कांपो या जपानी चित्रकाराला रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून कलकत्त्यास येण्याचा योग आला, आणि भारतातील त्या वास्तव्यात, १९१७-१८च्या सुमारास, तो आपल्या सहकाऱ्यांसह अजिंठ्याला येऊन राहिला व तेथील चित्रांच्या नकला त्याने केल्या. त्या नकला तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत त्या भस्मसात झाल्या. पुढे १९४० साली होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा त्या कामावर नेमलेल्या चित्रकारांत कांपो होता. युद्धाच्या अत्यंत हालाखीच्या दिवसांत तो ते काम करीत राहिला आणि १९४५ साली, काम पुरे होण्यापूर्वीच, वारला. २६ जानेवारी १९४९ रोजी पहाटे, नकलांचे काम चालू असतानाच, सुवर्णगृहाला आग लागली आणि मूळ चित्रांचे रंग करपून गेले. जपानने त्या आघातातून धडा घेतला. १९५० साली सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी हा दिवस आजही देशभर मंदिरांतून आग विझवण्याच्या कवायतीसाठी पाळला जातो. आज सुवर्णगृहात आपल्याला दिसतात ती १९६८ साली पुरी झालेली प्रतिचित्रे. ती पाहताना मला अजिंठ्याची आठवण व्याकुळ करून गेली. आपली मूळ चित्रे अजून भिंतीवर आहेत. त्यांच्यावरचा ओलावा, पाहणाऱ्यांचा श्वास, वटवाघळे, जुन्या लाक्षारसाचे पिवळे पडलेले थर यांच्याशी पुरातत्त्व खात्याचे रसायनज्ञ वर्षानुवर्षे झगडत आहेत. गेलेले चित्र परत येत नाही, हे होर्यूजीइतके कोणाला ठाऊक असेल?

नाराच्या बाकीच्या ठिकाणांविषयी मी विस्तार करीत नाही. तोशोदाइजी मंदिरात, पाच वेळा प्रयत्न फसल्यावर सहाव्या खेपेस दृष्टी गमावलेल्या अवस्थेत जपानला पोहोचलेल्या गांजिन या चिनी आचार्याचे स्मरण आहे. याकुशीजीत भैषज्यगुरू बुद्धाची बैठक वाकून पाहावी: तिच्या वरच्या काठावर पश्चिमेकडून आलेले द्राक्षांचे वेल, मध्ये इराणी धाटणीची नक्षी, कमानींत भारतीय वळणाच्या अर्धवस्त्र आकृती आणि खाली चीनच्या चार दिशांचे प्राणी, असे सारे आशिया एका चौथऱ्यावर एकत्र आले आहे. जुन्या राजवाड्याच्या जागी आज विस्तीर्ण मैदान असून त्यातून आगगाडी धडधडत जाते; १९६१ पासून तेथल्या मातीतून निघालेल्या लाकडी पट्ट्यांवर त्या राजधानीचे दप्तर सापडले आहे. कोणत्या प्रांतातून मीठ आले, कोठून समुद्रशैवाल आले, कोणत्या कारकुनाने वर्षात किती दिवस हजेरी लावली, हे सगळे त्या पट्ट्यांवर शाईने लिहिलेले आहे, आणि मजकूर निकालात निघाला की पट्टी तासून पुन्हा वापरल्यामुळे तासलेल्या ढलप्याही हजारोंनी मिळाल्या आहेत.

कोणी म्हणेल की क्योटोला जगभरातून माणसे येतात, त्यांना हरणांच्या गावी दोन-दोन दिवस राहा म्हणणे हा आग्रह झाला. आग्रह आहेच. पण तो करताना मी क्योटोच्या विरुद्ध साक्ष देत नाही. उलट, नारा आधी पाहून क्योटोला गेलेल्या माणसाला तोजीच्या ब्रह्मदेवाचे हंस आणि सांजूसांगेंदोचा बासरी वाजवणारा गरुड कोठून आले आणि येथे येऊन त्यांचे काय झाले, हे अधिक कळते. क्रम उलटा केला की नारा हे क्योटोचे कच्चे टिपण वाटू लागते, आणि तसे वाटणे हा त्या नगरीवर दुसरा अन्याय.

म्हणून माझा निवाडा असा: चार रात्री असतील तर दोन नाराला द्याव्यात आणि दोन क्योटोला, तीनच असतील तर पहिली रात्र तरी नारात काढावी, त्या संध्याकाळी निगात्सुदोवर जावे, दुसऱ्या सकाळी त्या कांस्यदीपापाशी थांबावे आणि दुपार होर्यूजीला द्यावी, आणि एकच दिवस हाती असेल तर दोन्ही शहरांची ओढाताण न करता एक निवडावे. ज्याने अजिंठा पाहिला आहे त्याने तर निवड करताना घुटमळूही नये. कान्साई विमानतळावरून नाराला थेट बस जाते आणि ती दीड तासाच्या आसपास पोहोचवते. क्योटोची गाडी गाठण्यापूर्वी ती धरा.